विश्वंभरने नाव काढलं

"हा विश्वंभर कोण?"

नवरदेवाच्या आत्याबाईंनी विचारलेला प्रश्न तसा साधा होता. पण तो त्यांनी भरल्या मंगल कार्यालयात, पडद्याकडे बोट रोखून, सनई चालू असताना विचारला आणि त्यांचा आवाज सनईच्या वर गेला. स्टेजशेजारच्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरमधून हातभर उंचीची अक्षरं पडली होती : 'चि. विश्वंभर आणि चि. सौ. कां. शलाका यांना न्यू जर्सीहून सुभाषमामाचे अनेक आशीर्वाद.'

नवरदेवाचं नाव ऋतुराज होतं. तो त्या वेळी मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून कार्यालयाच्या फाटकाशी पोचला होता आणि बँडवाले दमायची वाट पाहत होता.

विश्वंभर म्हणजे मी. पडद्यासमोरच्या टेबलामागे, लॅपटॉपमध्ये जवळजवळ डोकं घालून बसलो होतो.

"आमच्या मेव्हण्याला कळलं नसेल," वधूपिते अप्पा बुरगुटे घाईघाईने म्हणाले. "अमेरिकेत आहे तो. तिकडं बातमी उशिरा पोचती."

"कसली बातमी?" आत्याबाई म्हणाल्या.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डकडे पाहिलं.

आता ती बातमी कसली, ते सांगायलाच हवं. गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची, बार्शीतली. बसस्टँडच्या मागे माझा 'विश्वंभर कॉम्प्युटर्स' नावाचा क्लास होता. वेबसाइट कशी बनवायची ते मी एका जाड पुस्तकातून शिकलो होतो, तेही निम्म्यापर्यंत. पण आमच्या भागात तेवढं पुस्तक वाचलेलाही मी एकटाच, त्यामुळे लोक मला 'सर' म्हणत. माझ्या वडिलांचे मित्रसुद्धा 'सर' म्हणत. वडील स्वतः फक्त घरात 'अरे' म्हणायचे, चारचौघांत तेही 'सर'.

अप्पा बुरगुटे पाण्यातल्या मोटारींचे विक्रेते. मोठं दुकान, मोठा आवाज आणि नव्या गोष्टींची जबर हौस. गावात पहिला फॅक्स त्यांच्याकडे आला होता. त्यांची मुलगी शलाका, शाळेत भूगोल शिकवायची. तिचं आणि माझं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी अप्पांनी मला दुकानात बोलावून सांगितलं, "जावईबापू, लग्नाची वेबसाइट झाली पाहिजे. नुसती पत्रिका नाही. लोकांनी घरी बसून आशीर्वाद टाकले पाहिजेत आणि ते हॉलमध्ये पडद्यावर दिसले पाहिजेत."

मी केली. पीएचपीत, म्हणजे वेबसाइटच्या भाषेत, केली. कुणीही आपलं नाव आणि दोन ओळी टाकायच्या, की माझा प्रोग्रॅम त्याला सुबक वाक्यात बसवून वधूवरांच्या नावासकट पडद्यावर टाकणार. वधूवरांची नावं मी प्रोग्रॅमच्या अगदी वर एकदाच लिहून ठेवली होती आणि पुढे सगळीकडे तिथूनच उचलली होती. पुस्तकात तसंच करा म्हटलं होतं.

मग एकदा शलाकाने मला रसवंतीवर बोलावलं. दोन ग्लास मागवले, माझ्या ग्लासातला बर्फ काढायला सांगितला, कारण मला सर्दी होती, आणि म्हणाली, "विश्वंभर, तू माणूस फार चांगला आहेस."

"पण?"

"पण तू बोलायला लागलास की मला झोप येते."

मी हसलो. ती हसली नाही.

"खरंच येते रे. परवा तू मला हार्ड डिस्क समजावत होतास ना, तेव्हा मी उभ्या उभ्या झोपले."

"मला वाटलं तू विचार करतेयस."

"झोपले होते. आयुष्यभराचा प्रश्न आहे. मी किती झोपू?"

खोटं कशाला सांगू, तिच्याशी बोलताना मलाही पुढचं वाक्य शोधावं लागायचं, म्हणून तर मी हार्ड डिस्कवर यायचो. आम्ही रस प्यायलो. अंगठ्या परत झाल्या. दोन्ही घरचे चार दिवस धुसफुसले आणि गप्प झाले.

गप्प झाले नाहीत ते फक्त अप्पा. मुलीने मला सोडलं होतं, अप्पांनी सोडलं नव्हतं. "आरं, तिचं तुझं नाही जमलं. माझं तुझं जमलंय की," असं ते भर दुकानात म्हणायचे. मोबाईलमध्ये गाणं टाकायचं असो, मोटारीचं बिल छापायचं असो, मला बोलावणं यायचं आणि मी जायचो. त्यांच्या घरी माझं चहाचं भांडंसुद्धा ठरलेलं होतं.

काही महिन्यांनी शलाकाचं लातूरच्या ऋतुराज ढगेंशी जमलं. मला खरोखर बरं वाटलं. ऋतुराज कमी बोलायचा, आणि बोलायचा तेव्हा शलाका जागी असायची. अप्पांनी मला बोलावलं आणि जरा चाचरत विचारलं, "विश्वंभर, ती साइट हाय की रे अजून?"

"आहे की."

"मग नवी कशाला करायची? सगळं तसंच ठेव. फक्त नवरदेव बदल."

माझ्याच लग्नाच्या साइटवरून मी मलाच काढायचं होतं. आई म्हणाली, लाज नाही का वाटत. वाटली थोडी. पण अप्पांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि बार्शीत हे काम दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं. मला येत होतं, असं मला वाटत होतं.

पीएचपीत 'अनसेट' अशी एक आज्ञा आहे. एखाद्या गोष्टीला दिलेलं नाव तिने पुसलं जातं. मी विचार केला, नाव नुसतं बदलायचं कशाला, व्यवस्थित काढू. म्हणून मी एक वेगळं फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधली एक खोली म्हणा. एक ठरावीक काम त्या खोलीत करायचं. तर त्या खोलीत मी बाहेरचं नाव आत मागवलं, अनसेटने पुसलं, त्या जागी 'ऋतुराज' लिहिलं, आणि तिथल्या तिथे छापून पाहिलं. 'नाव काढले', आणि खाली 'चि. ऋतुराज'. चोख. मग नाव छापायची ती ओळ तेवढी बंद करून ठेवली. साइटच्या पहिल्या पानावर आमच्या नावांचं नक्षीदार चित्र होतं, ते बदलून टाकलं. आशीर्वादांचं पान लग्नाच्या दिवशीच उघडणार होतं. मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेलो.

तर अशी ती बातमी. ढगे मंडळींना ती थोडीशी ठाऊक होती. शलाकाचं एकदा जमून मोडलंय, एवढं अप्पांनी सांगितलं होतं. कुणाशी, ते सांगितलं नव्हतं. आणि तोच मनुष्य पडद्यापाशी बसणार आहे, हे सांगायचं तर त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"चूक झाली असेल माणसाची," अप्पा म्हणाले. "पुढचा आशीर्वाद बघा."

पुढचा आशीर्वाद आला. 'चि. विश्वंभर आणि चि. सौ. कां. शलाका यांना कुसुमआत्या, लातूर यांच्याकडून : सोन्यासारखा संसार करा.'

कुसुमआत्या म्हणजे याच आत्याबाई. त्यांनी दुपारी हौसेने माझ्या लॅपटॉपवर स्वतः एकेक अक्षर शोधून तो टाइप केला होता.

"मी नाही लिहिलं हे!" त्या ओरडल्या. "मी सोन्यासारखा संसार लिहिलं. विश्वंभर नाही लिहिलं! मी कशाला लिहू? मी ओळखत नाही त्याला!"

मी फंक्शन पुन्हा चालवलं. पडद्याच्या वरच्या टोकाला ठळक अक्षरं आली : 'नाव काढले.' त्याच्या खाली : 'चि. विश्वंभर आणि चि. सौ. कां. शलाका.'

मी पुन्हा चालवलं. 'नाव काढले. नाव काढले.' खाली विश्वंभर.

अजून एकदा. 'नाव काढले. नाव काढले. नाव काढले.' विश्वंभर होता तिथेच, उलट आता जास्त उठून दिसत होता.

"पोरानं नाव काढलं म्हणायचं!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि हॉलच्या वधूकडच्या अर्ध्यात हशा पिकला. बार्शीकर मला ओळखत होते. वराकडचा अर्धा गप्प होता. मग एक लातूरकर शेजाऱ्याला विचारताना ऐकू आला, "ते तिथं बसलंय ते कोण म्हणायचं?" आणि आमच्या गावचा कुणीतरी भला माणूस मोठ्या आनंदाने म्हणाला, "तेच की विश्वंभर!"

सनई थांबली.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. हातात बांगड्या भरपूर होत्या आणि पकडीत जोर त्याहून.

"हात लावायचा नाही. पुरावा आहे."

"प्रोजेक्टर तरी बंद करा कुणीतरी," अप्पा म्हणाले. पण प्रोजेक्टरवाला, 'बल्ब गरम असताना बंद केला तर उडंल, भरून द्यावा लागंल' असा दम देऊन जेवायला बसला होता, त्यामुळे त्याला हात लावायला कुणी धजेना. अखेर नवरदेवाचे वडील नाना ढगे स्वतः उठले. शांत, भारदस्त गृहस्थ, पांढरा सफारी. ते पडदा झाकायला म्हणून प्रोजेक्टरच्या समोर उभे राहिले. पडद्यावरचं नाव खरोखर गेलं. ते आता नानांच्या पोटावर आलं. पांढऱ्या कापडावर 'चि. विश्वंभर' इतकं स्वच्छ उमटलं की दोन लहान मुलांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

नानांनी मान खाली घालून स्वतःचं पोट पाहिलं. मग ते बाजूला झाले आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुरगुटेसाहेब, आमचा मुलगा दारात उभा आहे. तो आत यायच्या आधी मला एक सांगा. या मुलाचं आणि तुमच्या घराचं नातं नक्की काय आहे?"

अप्पा काहीतरी बोलायला गेले. आता खरं तर त्यांना 'काही नाही' असं म्हणायचं होतं. तेवढंच पुरलं असतं. पण त्यांच्या तोंडून ते निघेना. ते नुसते घोटाळले, उपरणं सारखं केलं, आणि म्हणाले, "तसा तो येतो-जातो घरी."

हॉलमध्ये कुजबुज उसळली.

"येतो-जातो!" आत्याबाई म्हणाल्या. "ऐकलंत? मोडलेलं लग्न आणि येतो-जातो! आणि लग्नाच्या दिवशी पडद्यावर स्वतःचं नाव लावून बसतो! हे काय साधं आहे?"

तेवढ्यात वधूच्या खोलीचं दार उघडलं आणि शलाका बाहेर आली. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. तिने पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"विश्वंभर, हे काय?"

"मी काढलं होतं नाव. देवाशपथ काढलं होतं."

"यानं हे मुद्दाम केलंय," आत्याबाई तिला म्हणाल्या.

"नाही हो आत्या," शलाका चटकन म्हणाली. "मुद्दाम? याला? याला एवढं सुचणार नाही."

तिने माझी बाजू घेतली होती, म्हणून मी मान डोलावली. पण आत्याबाईंना ते पटलं नाही. ती बाजू घेते आहे, हेच त्यांना खुपलं. नानांचा चेहरा आणखी लांबट झाला. बाहेरून बँडवाल्याने निरोप पाठवला की नवरदेव विचारतायत, उतरू का. "थांबा म्हणावं," नाना म्हणाले, आणि ते 'थांबा' ऐकून अप्पा खुर्चीत बसले. त्यांना कधी असं खाली बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माणूस रिकामा झाल्यासारखा दिसत होता.

"व्हायरस म्हण," त्यांनी माझ्या कानाशी पुटपुटून सांगितलं. "व्हायरस म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही."

मी तोंड उघडलंही होतं. पण वराकडच्या बाजूने एक बाई आमच्याकडे येत होती. तिशीची, पैठणीचा पदर कमरेला खोचलेला, कडेवर वर्षाच्या आतलं गुबगुबीत बाळ. नवरदेवाची थोरली बहीण अरुंधती. ती पुण्यात एका मोठ्या कंपनीत हेच काम करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी सकाळीच आजारी पडलो असतो.

"आत्या, मनगट सोड त्यांचं," ती म्हणाली. "मला बघू द्या."

तिने बाळ एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने माझा प्रोग्रॅम उघडला. तो पडद्यावरही उघडला, हे सांगायला नको. माझा प्रोग्रॅम इतक्या माणसांनी एकदम पाहायची ती पहिलीच वेळ. ती वरपासून वाचत गेली. एके ठिकाणी थांबली. भुवया वर गेल्या.

"नाव तुम्ही कुठं काढलंत?"

"फंक्शनमध्ये."

"आणि बाहेर?"

"बाहेर म्हणजे?"

"फंक्शनच्या बाहेर."

"आत काढल्यावर बाहेरचंही गेलंच ना," मी म्हणालो. "ग्लोबल लिहून बाहेरचंच आत आणलं होतं मी. तेच पुसलं."

अरुंधतीने माझ्याकडे नीट पाहिलं. डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसं.

"बाबा, आत्या, इकडं या," ती म्हणाली. "हे समजून घ्या. हे जे फंक्शन आहे ना, ती एक खोली समजा. शलाकाची ती खोली, तशी. आणि विश्वंभर नावाचा एक मनुष्य बाहेर मांडवात बसलाय. यांनी काय केलं, खोलीत जाऊन सांगितलं, इथं आता त्याचं नाव घ्यायचं नाही. बरोबर? खोलीत बंद झालं नाव. पण मनुष्य कुठं गेला?"

"कुठं गेला?" आत्याबाई म्हणाल्या.

"कुठंच नाही. मांडवातच बसलाय. त्याला या गोष्टीचा पत्तासुद्धा नाही. खोलीत जे केलं ते खोलीपुरतं. त्याला घालवायचा तर मांडवात येऊन घालवावा लागतो."

"मग घालवा की!" आत्याबाई गरजल्या, आणि वराकडच्या दोन धट्ट्याकट्ट्या तरुणांनी मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

"अहो, याला नाही!" अरुंधती म्हणाली. "प्रोग्रॅममधल्याला!"

त्यांनी मला पुन्हा बसवलं. एकाने माझा झब्बाही सारखा केला.

"आणि पुढची गंमत," ती म्हणाली. आता तिलाही हसू आवरत नव्हतं. "यांनी नवा नवरदेवही त्या खोलीतच बसवला. ऋतुराजचं नाव आतच लिहिलं, आतच छापलं, आतच खूश झाले. बाहेर त्याचा कुणाला पत्ता नाही."

नाना दचकले. "म्हणजे ऋतुराज त्या खोलीत आहे?"

"बाबा, ऋतुराज घोड्यावर आहे!"

हशा झाला. या वेळी दोन्हीकडून. पण नाना हसले नाहीत. ते सरळ मुलीला म्हणाले, "मला एकच सांग. यानं हे कपटानं केलंय का?"

"नाही."

"खात्रीनं?"

"बाबा, हे मुद्दाम करायला आधी यातलं कळावं लागतं. याला कळतच नाही." मग तिला जरा वाईट वाटलं असावं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माफ करा हं."

नाना माझ्यासमोर आले. "तिचं झालं. तू सांग. सगळ्यांसमोर सांग." आणि त्यांनी भटजींच्या हातातला मंगलाष्टकांचा माईक घेऊन माझ्या हातात दिला.

तो माईक फार जड होता, किंवा मला तसा वाटला. हॉलमध्ये निम्मी बार्शी बसली होती. माझ्या क्लासची अख्खी बॅच वधूकडून पंगतीत वाढायला आली होती आणि त्यांचे आईबाप अक्षता मुठीत घेऊन बसले होते. माझे वडील तिसऱ्या रांगेत होते. आणि मला दिसत होतं की बार्शीच्या पोरांच्या डोळ्यांत माझ्याविषयी एक नवीनच आदर आलाय : सरांनी भर लग्नात पडद्यावर नाव लावलं! दिलजला माणूस! मी नुसता गप्प राहिलो असतो, तर गावात आयुष्यभर दिलजला म्हणून मिरवता आलं असतं. व्हायरस म्हटलो असतो तर निदान सर राहिलो असतो. अरुंधतीने मला चारचौघांत खोटं पाडलं असतं की नसतं, देव जाणे.

मी अप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत तसेच बसले होते. उपरण्याचं टोक मुठीत चुरगळत होते.

"मला हे येत नाही," मी माईकमध्ये म्हणालो.

माईक नीट चालत होता. 'येत नाही' हे शब्द हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आले.

"मला वाटलं येतं. मी पुस्तक निम्मंच वाचलंय. पुढं कुणाला विचारलं नाही. नाव काढायचं होतं, ते मला काढता आलं नाही. दुसरं काही नाही यात." आणि मग आणखी काय बोलायचं ते न सुचून मी म्हणालो, "शुभमंगल सावधान."

"ते मी म्हणायचं असतं," भटजी म्हणाले.

पहिल्यांदा शलाका हसली. तोंडावर हात ठेवून, मुंडावळ्या हलवत, खांदे गदगदा हलेपर्यंत हसली. मी तिला इतकं हसवलेलं मला आठवत नाही. माझ्यासोबत असताना तर ती जागी राहिली तरी मला पुष्कळ वाटायचं. तिचं बघून आत्याबाई हसल्या. मग नानांनी माझ्या हातातला माईक घेतला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो भटजींना देत म्हणाले, "आणा नवरदेवाला आत."

अरुंधतीने फंक्शनमधल्या ओळी उचलून बाहेर, प्रोग्रॅमच्या उघड्या जागेत टाकल्या. आधी एकच ओळ चालवून पाहिली. पडद्यावर आलं : 'चि.          आणि चि. सौ. कां. शलाका.'

"आता कुणीच नाही की!" अप्पा ओरडले.

"थांबा हो काका."

ती रिकामी जागा फार तर दोन क्षण पडद्यावर राहिली असेल. आपण त्या गावातून उठून गेल्यासारखं मला वाटलं. वाईट नाही वाटलं, हलकं वाटलं. खुर्चीवरून उठताना पाय मोकळे होतात तसं. मग तिथे 'ऋतुराज' आलं, बँड वाजला, आणि घोड्यावरून उतरताना पाय अवघडल्यामुळे जरासा लंगडत नवरदेव आत आला. त्याने पडदा पाहिला, आपलं नाव वाचलं आणि समाधानाने म्हणाला, "छान केलंय."

मुहूर्त टळला नव्हता. अक्षता पडल्या. अप्पा कन्यादान करताना रडले आणि नंतर मला शोधत येऊन म्हणाले, "जेवल्याशिवाय हललास तर बघ." पंगतीत आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या पानात जिलेबी वाढली. नको म्हटलं तरी वाढली.

क्लासचं म्हणाल तर, दोन पालकांनी मुलं काढून नेली. बाकीची टिकली. माझ्या मागे पोरं मला काही महिने 'खोलीतले सर' म्हणत, मग कंटाळली. वडील घरात आणि चारचौघांत दोन्हीकडे 'अरे' म्हणू लागले, आणि त्यांना ते सोपं जातं असं दिसलं.

पण माझं खरं काही झालं असेल तर ते त्याच दिवशी, पंगती उठल्यावर. वाढपी टेबलं आवरत होते. मी वायरी गुंडाळत होतो. अरुंधती बाळाला थोपटत माझ्यापाशी आली आणि उभी राहिली.

"क्लासमध्ये काय शिकवता?"

"हेच."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "इतकी वर्षं कुणाला विचारावंसं नाही वाटलं?"

वाटलं होतं. रोज वाटायचं. प्रोग्रॅम अडायचा, मी क्लास बंद करून बसायचो, आणि विचारायचं कुणाला? ज्याला सगळे विचारायला येतात त्याने जायचं कुठे? चूक दिसली की ती मी चार ओळींखाली झाकायचो आणि बाहेर येऊन सर व्हायचो. हे मी तिला सांगितलं नाही. पण हॉलमध्ये मला येत नाही असं सांगून झालं होतं आणि माझ्याकडे सांभाळायला काही उरलं नव्हतं. त्याचा फायदा असा की तोंड एकदम मोकळं झालं.

"ताई," मी म्हणालो, "त्या आतल्या-बाहेरच्याचं मला अजून कळलेलं नाही. मघाशी तुम्ही सांगितलंत तेव्हा मी नुसती मान हलवली. पहिल्यापासून सांगाल?"

तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"हे बघा. फंक्शनच्या आत जे जन्मलं, ते आतच मरतं. इथून सुरू करू."

ती सांगत गेली. मी विचारत गेलो. अगदी बाळबोध प्रश्न, जे माझ्या क्लासमधल्या मुलांनी विचारले असते तर मी त्यांच्यावर डाफरलो असतो. ती एकदाही हसली नाही. ग्लोबल म्हणजे काय, बाहेरच्याला आत आणलं तर नेमकं काय येतं, तो स्वतः येतो की त्याच्याकडे बोट दाखवणारं नुसतं नाव येतं, आणि ते नाव पुसलं तर काय पुसलं जातं. बाहेर मांडव उतरवत होते, कुणीतरी तिला हाका मारत होतं, "अरुंधती, बस निघाली." "आले, आले," म्हणत ती पुढची ओळ लिहीत होती.

तेवढ्यात मांडीला काहीतरी कोमट लागलं. मी खाली पाहिलं. बाळ माझ्याकडे मोठ्या प्रसन्नपणे पाहत होतं आणि माझा नवा झब्बा हळूहळू ओला होत चालला होता.

मी हललो नाही. ती नुकतीच दुसऱ्या उदाहरणावर आली होती.